पलंग काढला

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक फोटो पडला. गेटवरचा वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत, मान मागे टाकलेली, तोंड उघडं, टोपी मांडीवर. खाली मजकूर : ‘आपण मेंटेनन्स यासाठीच भरतो का?’ फोटोवरची वेळ रात्रीची २.४०. बघता बघता खाली रांग लागली. कुणी लालबुंद चेहरे टाकले, कुणी ‘एजन्सीला कळवा’, कुणी ‘सीसीटीव्ही फुटेज काढा’, आणि बी विंगमधल्या आजोबांनी नेहमीप्रमाणे फुलाच्या चित्रासकट ‘शुभ सकाळ’ घातलं. म्हणजे पावणेतीनला अख्खी बिल्डिंग टक्क जागी आणि झोपलेला एकटा वॉचमन. ज्याला जागं राहायचा पगार मिळतो तो झोपलेला, आणि निवांत झोपता यावं म्हणून ज्यांनी वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतलंय ते जागे. इतके डोळे उघडे असताना चोर येईलच कशाला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

विषय कमिटीच्या सभेत आला. वॉचमनची ड्यूटी बारा तासांची आहे, सकाळी सुटल्यावर तो आमच्याच गाड्या धुतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ठराव झाला : खुर्ची काढून घ्यावी. बसलाच नाही तर झोपेल कसा? ठराव मांडणारे गृहस्थ सभाभर पेंगत होते. मत घ्यायची वेळ आली तेव्हा दचकून जागे झाले आणि कशाला ते न विचारता त्यांनी हात वर केला.

आपल्याकडे झोपेची लाज आणि जागरणाचा तोरा, असा उलटा कारभार आहे. ‘कसं चाललंय?’ असं विचारलं की माणूस ‘अहो, झोपायला वेळ नाही’ म्हणतो, आणि म्हणताना नुकतीच कुणीतरी खांद्यावर शाल घातल्यासारखा ताठ होतो. ‘साहेब चार तासच झोपतात’ हे कार्यकर्ता आपल्याला इतक्या अभिमानाने सांगतो, की मग साहेबांच्या काही निर्णयांचा उलगडा आपोआप होतो. क्लासवाल्यांच्या होर्डिंगवरचा गुणवंत सोळा तास अभ्यास करतो. यशस्वी उद्योजक पहाटे चारला उठतो. तो किती वाजता झोपतो, हे मुलाखतकार विचारत नाही आणि तो सांगत नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग जणू याच मंडळींसाठी केलेला. चांगल्या धडधाकट माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. दोन आठवडे संपता संपता त्यांचं लक्ष आणि प्रतिसादाचा वेग इतका घसरला की ते एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसांच्या पंक्तीला जाऊन बसले. पण मेख पुढेच आहे. आपण इतके घसरलोय याचा त्यांना स्वतःला फारसा पत्ताच नव्हता. विचारलं तर म्हणायचे, तसं ठीक आहे. तेव्हा ‘मला पाच-सहा तास पुरतात’ म्हणणारा माणूस खोटं बोलतो असं नाही. खरं-खोटं तपासायची जी यंत्रणा डोक्यात असते, तीच त्याची आधी बंद पडलेली असते.

त्याआधी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्याच्या पातळीला येते. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आता हिशेब करा. शुक्रवारी पहाटे पाचला उठलेला, ऑफिस उरकून रात्री दहाला बायकोमुलांना गाडीत कोंबून कोकणात निघालेला सज्जन, निर्व्यसनी, कपाळाला गंध लावलेला गृहस्थ त्या हिशेबाने ‘पिऊन’च गाडी चालवतोय. नाक्यावर पोलीस त्याला नळीत फुंकायला लावतात. तो फुंकतो, पास होतो, पोलिसांना नमस्कार करतो आणि घाटाला लागतो. दिवसभर न झोपलेल्याला पकडणारी नळी अजून निघालेली नाही, आणि निघाली तर ती धरणारा हवालदारच पहिला नापास होईल, कारण बंदोबस्तावरून तो सुटलाय केव्हा?

उपाय म्हणून वाटेत चहा. टपरीवर ‘कडक मार’ म्हटलं की झोप उडाली अशी आपली समजूत. मेंदूत दिवसभर अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, ते जितकं साचेल तितकी झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफिन ते द्रव्य कमी करत नाही, नुसतं त्याची जागा अडवून बसतं. वसुलीला आलेल्या माणसाला दारातूनच ‘साहेब घरी नाहीत’ सांगावं, तसं हे. देणं जिथल्या तिथे, वर व्याज चालू.

आणि हे देणं फक्त डोळ्यांचं नव्हे. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात अकरा तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर एवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद मंदावली. आपल्याकडे घरटी एक मधुमेही. तो कारल्याचा रस घेतो, जांभळाच्या बियांची पूड घेतो, भात सोडतो, गहू सोडतो, आणि रात्री एक वाजेपर्यंत उताणा पडून ‘साखर कमी करण्याचे सात घरगुती उपाय’ बघतो.

हे सगळं ज्यांना कळायला हवं ते मोठे लोक मात्र वेगळ्याच आकडेमोडीत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. लगेच वाद झाला, तेव्हा वाटलं बोली इथेच थांबेल. पण लिलावात पहिली बोली कधी शेवटची नसते. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांवर नेली. रविवारीही कामाला बोलावता आलं असतं तर आवडलं असतं, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असाही त्यांचा सवाल.

सवाल रास्त आहे, मोजून बघू. आठवड्याचे तास १६८. त्यातले ९० कंपनीचे. डॉक्टर सांगतात तशी रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. राहिले २९. डोंबिवलीहून फोर्टला जाऊन येऊन रोजचे अडीच तास धरले, आणि नव्वदवाल्या आठवड्यात रविवारही आला, तर साडेसतरा तास लोकलमध्ये. हातात उरले साडेअकरा. दिवसाला सुमारे १ तास ४० मिनिटं. यात आंघोळ, दाढी, दोन वेळचं जेवण, आईची औषधं, मुलाची गणितं आणि बँकेची केवायसी. बायकोकडे बघायचं ते या गडबडीत, जाता जाता. मग माणूस करतो काय? केवायसी टळत नाही, लोकल लवकर पोचत नाही, साहेब ऐकत नाहीत. चिमटा बसतो तो झोपेला, कारण झोप तक्रार करत नाही. निदान लगेच नाही.

बरं, बायको तरी बघायला सापडायला नको? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. हे ८८ देखील जे पुरुष हे काम करतात त्यांचे. जे करतच नाहीत ते त्या सरासरीत धरलेलेच नाहीत. साहेब बायकोकडे बघत बसायचं म्हणतात तेव्हा ती ओटा पुसत असते. मग दुधाला विरजण लावते, उद्याच्या उसळीला मटकी भिजत घालते, गॅसचा खटका बंद आहे ना ते बघते, सगळे दिवे मालवते, आणि अंथरुणाला पाठ टेकता टेकता साडेचारचा गजर लावते, कारण नळाला पाणी पाचला येतं आणि पावणेसहाला जातं. तिला कुणी नव्वद तास सांगितले तर ती म्हणेल, चालेल, उरलेले कुठे जाऊन झोपू तेवढं सांगा.

आता थोडं मागे जाऊ. ज्या रविवारी आपण मटणाच्या दुकानापुढे रांग लावतो, दुपारी जेवून आडवे होतो आणि संध्याकाळी ‘उद्या सोमवार’ म्हणून सुस्कारे टाकतो, तो रविवार आपल्याला कुणी प्रेमाने दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सूर्य उगवला की भोंगा आणि मावळला की सुटका. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठं. हक्काची साप्ताहिक सुट्टी नाही. जोतिरावांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे, ‘दीनबंधु’चे संपादक, स्वतः गिरणीत नोकरी केलेले. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना गोळा केलं आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या बघा : दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा.

यातली कोणतीही मागणी आज एखाद्या काचेच्या इमारतीत जाऊन करून बघा. ‘सूर्यास्ताला काम थांबावं’ म्हटलंत तर एचआरवाली मुलगी काळजीने विचारेल, सगळं ठीक आहे ना घरी? अर्धा तास जेवणाची सुट्टी मागायची सोयच नाही, कारण जेवणाच्या वेळेवर मीटिंग लावून तिला वर्किंग लंच म्हणायची पद्धत आहे. डाव्या हाताने पोळीचा रोल, उजव्या हाताने माऊस. गिरणी कामगाराने निदान डबा दोन्ही हातांनी उघडला.

सहा वर्षं झगडा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन बायकाही बोलल्या. एकोणिसाव्या शतकात, दहा हजारांपुढे, गिरणीतल्या दोन बायका. त्यांची भाषणं आज पाठ्यपुस्तकात असायला हवी होती. आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तेव्हाचे मालकही, रविवारी कामगार घरी बसून करणार काय, असं म्हणाले असतीलच. मालकाला कामगाराच्या फावल्या वेळाची जितकी काळजी वाटते तितकी त्याच्या पगाराची वाटली असती तर युनियनच लागल्या नसत्या.

रविवारच्या त्या सुट्टीला १३५ वर्षं झाली त्याच २०२५ सालच्या सप्टेंबरात आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कायदे बदलायला मंजुरी दिली : कारखान्यांत दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत आणि दुकानं-आस्थापनांत ९ ऐवजी १० तासांपर्यंत काम घेता यावं. ओव्हरटाइमला दुप्पट पैसे, आणि कामगाराची लेखी संमती हवी, असंही त्यात आहे. लेखी संमती ही फार सुंदर चीज आहे. कंत्राटदार कागद पुढे करतो, कामगार पेन मागतो. संमती न देणाऱ्याचं नाव पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर का नसतं, याची लेखी कारणं देण्याची मात्र तरतूद लागत नाही.

या सगळ्यांत रजेचे आणि विश्रांतीचे नियम शहाणपणाने कुणी केले असतील तर पंढरपूरच्या लोकांनी. तिथे रोज रात्री शेजारती होते, देव शेजघरात निजतो, पहाटे काकडआरतीने उठतो. आषाढी जवळ आली की गर्दी अशी वाढते की देवाला झोपायला सवड नाही. मग चांगला मुहूर्त बघून विधिपूर्वक देवाचा पलंग काढतात. त्या दिवसापासून शेजारती, काकडआरती बंद. दर्शन चोवीस तास. शुद्ध मराठीत सांगायचं तर देवाला नाइट शिफ्ट लागते.

पण पलंग काढून मंडळी हात झटकून मोकळी होत नाहीत. चोवीस तास उभं राहून देवाची पाठ दुखेल म्हणून मागे कापसाचा मऊ लोड देतात. रखुमाईला तक्क्या. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा. गरम पाण्याने देवाला न्हाऊ घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, नवा पोशाख चढवतात, पलंग परत जागेवर येतो, आणि रात्री शिणवटा जावा म्हणून औषधी वनस्पतींचा काढा दाखवून मग देव निजतो. युगानुयुगं विटेवर उभं राहायची सवय असलेल्या देवालाही पंधरवडाभराचं जागरण बाधतं, हे पुजाऱ्यांपासून वारकऱ्यांपर्यंत सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. गंमत अशी की पंचांगाप्रमाणे आषाढी म्हणजे देवशयनी एकादशी. विष्णू त्या दिवशी क्षीरसागरात चार महिन्यांसाठी झोपी जातो. तोच देव इकडे चंद्रभागेकाठी रात्रभर ताटकळत उभा. एकाच आस्थापनेच्या दोन शाखा, एकीला दीर्घ रजा आणि दुसरीला डबल ड्यूटी. पण डबल ड्यूटीची भरपाई ठरलेली आणि ती बुडत नाही.

आमच्या कमिटीने यातलं फक्त पहिलं कलम उचललं. पलंग काढला. लोड कोण देणार, त्यासाठी बजेट नाही.

वारीतही विश्रांती अशीच ठरलेली. माउलींची पालखी चालते ती ठरलेल्या विसाव्यांनी. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, मग मुक्काम. पुण्यात पोचल्यावर एक दिवस पालखी हलत नाही. पुढे दिवे घाटाची चढण संपली की सासवडला दोन मुक्काम. हे सगळं छापील वेळापत्रकात असतं. लाखो माणसं अडीचशे किलोमीटर चालून ठरल्या दिवशी वाखरीला पोचतात, आणि वाटेत कुणी त्यांना ‘विसावा घेताय, म्हणजे भक्तीत कमिटमेंट कमी पडतेय’ असं म्हणत नाही. आमच्या ओळखीचा एक प्रोजेक्ट मॅनेजर वारीला एक दिवस चालून आला आणि ‘टाइम मॅनेजमेंट फ्रॉम वारी’ असं प्रेझेंटेशन त्याने टीमला दाखवलं. रात्री साडेनऊला. विसाव्याची स्लाइड त्यात नव्हती.

विसाव्यावरून पुणं आठवणं क्रमप्राप्त आहे. दुपारी १ ते ४ दुकान बंद यावर उभ्या महाराष्ट्राने विनोद केले. मुंबईकराने तर पिढ्यान् पिढ्या केले, चौथ्या सीटवर अर्ध्या कमरेने बसून, समोरच्याच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगता पेंगता केले. माझं स्पष्ट मत आहे : या वादात पुणं बरोबर होतं. सकाळी लवकर दुकान उघडायचं, रात्री उशिरा कुलूप लावायचं, मग मधे माणसाने पाठ टेकायची नाही? चरकाने शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, त्यात आहाराच्या शेजारी झोप बसवली आहे. आणि दिवसा झोपू नका म्हणताना उन्हाळ्याला मुद्दाम सूट दिली आहे, कारण तेव्हा रात्री लहान असतात. एप्रिलात पेठेतला पत्रा तापलेला असताना घरी जाऊन डाव्या कुशीवर कलंडणारा दुकानदार शास्त्राला धरूनच होता. पण थट्टेपुढे शास्त्र टिकत नाही. २०१७ मध्ये चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली आणि त्याची बातमी झाली. बाकरवडी आता तीन वाजताही मिळते. भर दुपारी तीनला बाकरवडी न मिळाल्यामुळे आजवर कुणाचं काय बिघडलं होतं, हे मात्र त्या बातमीत नव्हतं.

मुलांच्या झोपेसाठी सरकारने एक बरं काम केलं, ते सांगायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले, सगळ्यांच्याच झोपेच्या वेळा बदलल्यात, तर लहान मुलांच्या शाळेची वेळ बदला. फेब्रुवारी २०२४ मध्ये फर्मान निघालं : पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कागद उत्तम. त्यावर गल्लीगल्लीत चर्चा झाली. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांना वर्गखोल्या पुरेनात, रिक्षावाल्या काकांच्या फेऱ्या बसेनात, आणि आठ-पाचची लोकल पकडणाऱ्या आईला नऊपर्यंत पोर कुणाकडे ठेवावं ते कळेना. मुलाच्या झोपेआड सगळं गाव येतं. मुलं रात्री उशिरा का झोपतात, हा प्रश्न कुणी फार ताणला नाही, कारण उत्तर आईबापांच्या हातात असतं. चार्जिंगला लावलेलं.

ज्यांना झोप परवडते त्यांनी तिचीही स्पर्धा केली आहे. आमचे एक स्नेही हातात घड्याळ बांधून झोपतात. सकाळी छान उठतात, आळोखेपिळोखे देतात, मग घड्याळात बघतात. घड्याळ म्हणतं ६१ गुण. त्या क्षणापासून त्यांचं डोकं दुखायला लागतं. मग ते मित्रांच्या ग्रुपवर इतरांचे गुण विचारतात. एकाला ८८ पडले. यांची पुढची रात्र त्या ८८ च्या विचारात गेली.

आवाजाबद्दल थोडक्यात, कारण लिहूनही ऐकू जायचं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकारला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. आमच्या भागात सूट हा नियम आहे आणि नियम हा निबंधाचा विषय. तक्रारीचा फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणतो, ‘साहेब, जरा मोठ्याने बोला, इथे डीजे चालू आहे.’

कायदा मात्र झोपेच्या बाजूने आहे, बरं का. रामलीला मैदानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. रात्री झोपलेल्या जमावावर पोलीस चालून गेले होते, त्यावरचा तो निकाल. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका ६४ वर्षांच्या गृहस्थांचं प्रकरण आलं. ईडीने त्यांचा जबाब रात्री उशिरा सुरू करून उत्तररात्रीपर्यंत चालवला होता. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि मंजुषा देशपांडे यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली, पण ठणकावलं की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, तिच्यावर असं अतिक्रमण करता येणार नाही. जबाब माणसांच्या वेळेत नोंदवा.

म्हणजे तुमच्यावर कोट्यवधींच्या अफरातफरीचा संशय असेल तर रात्री-अपरात्री तुम्हाला कुणी प्रश्न विचारणं न्यायालयाला मंजूर नाही. तुम्ही प्रामाणिक कर्मचारी असाल तर मॅनेजरने साडेअकराला ‘अवेक?’ असा मेसेज टाकायला कसलीच हरकत नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या की तुमचा जबाब सुरू.

यावरही कुणी विचार केलेला नाही असं नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं : कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा. तेव्हा त्याचं काही झालं नाही. २०२५ च्या डिसेंबरात त्यांनी ते पुन्हा मांडलं. खासगी विधेयक संसदेने मंजूर करून त्याचा कायदा झाल्याची शेवटची घटना १९७० सालची. त्यानंतर आलेली सगळी फायलीत शिस्तीत आडवी आहेत, फोन नाही, मेसेज नाही, गजर नाही. देशात कुणाची झोपमोड होत नसेल तर ती त्या विधेयकाची.